सावली हरवते तेव्हा

बालमित्रांनो, भर दुपारी सूर्य रोज डोक्यावर येतो, असे म्हणतात. हे पारखून पाहू या. हैदराबादेत ९ मेच्या सुमारास साडेअकरा वाजता सपाट गच्चीवर एक मीटर लांबीची काठी ओळंबा लावून उभी करावी; दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी. सूर्याकडे मात्र पाहू नये. बारा वाजता थोडी सावली उरलेलीच असेल. १२ वाजून १२ मिनिटांच्या सुमारास ती नाहीशी होईल. हा योग ३ ऑगस्टच्या सुमारास पुन्हा येतो, एरवी नाही. कर्कवृत्ताच्या उत्तरेस असलेल्या ग्वाल्हेरला तर कधीच नाही. तेथील मावसभावाने त्याच मे महिन्यातील दुपारी तशीच काठी उभारली, तर तिची सावली सुमारे १५ सेंटिमीटर भरेल. सूर्य एकच असता हा फरक का, याचे उत्तर पृथ्वीच्या गोलाईत आहे.