एक जूनची मुले

आमच्या हिंडलग्यात १ जून ही तारीख दोन कारणांनी परिचयाची आहे. त्या दिवशी १९८६ च्या आंदोलनातील हुतात्म्यांना अभिवादन करण्यासाठी सीमाभागातील माणसे गावच्या स्मारकापाशी जमतात. आणि शाळांच्या जनरल रजिस्टरांवर विश्वास ठेवायचा, तर पंचक्रोशीतील निम्मी प्रजा याच तारखेला जन्मास आली आहे! मुलाला शाळेत घालण्यास आलेल्या बापाला जन्मतारीख विचारावी, तर तो ‘भाताच्या सुगीत झालंय बघा’ असे सांगे. आणि गुरुजी अंदाजाने वर्ष धरून १ जून लिहून मोकळे होत. नोकरीच्या आरंभी आम्हीही तेच करीत असू. ही लेखणी किती दूरवर पोहोचते, ते आम्हांस अलीकडे एका माजी विद्यार्थ्याने शिकविले.

हा विद्यार्थी एका मोठ्या विमा कंपनीच्या शाखेत दाव्यांच्या टेबलावर काम करतो. विमा कंपनीतील नोकरी म्हणजे पंख्याखालची खुर्ची आणि महिनाअखेरीचा ठरलेला पगार, अशी आपल्या घरांतून समजूत असते. त्याने सांगितलेले चित्र निराळे होते. सकाळी खिडकीशी हप्ता भरणाऱ्यांची रांग. कुणाला मराठीत समजवावे, कुणाला कानडीत, आणि टिपण मात्र इंग्रजीत लिहावे. मार्च महिन्यात तर रात्रीचे जेवण घरी निवून जाते. पण खरा भार निराळाच. तो म्हणाला, “गुरुजी, पॉलिसी घ्यायला माणूस हसत येतो. मृत्यूच्या दाव्याला तो नसतो, दुसरंच कुणीतरी येतं. पुष्कळदा कडेवर मूल असतं.”

हा धंदा आपल्या लोकांनी विश्वासावर उभारला, हे वाचकांनी विसरू नये. १८१८ साली कलकत्त्यास ओरिएंटल कंपनी निघाली, ती मुख्यतः युरोपियनांसाठी. पुढेही कित्येक वर्षे हिंदी माणसाकडून अधिक हप्ता घेतला जाई. त्याच्या आयुष्याचा भरवसा कमी धरलेला! १८७० मध्ये बॉम्बे म्युच्युअल या संस्थेने हिंदी माणसाचा विमा सर्वसाधारण दराने उतरविण्यास आरंभ केला. १९१३ साली साताऱ्यास अण्णासाहेब चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया ही विमा कंपनी काढली. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली आणि १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. २४५ लहानमोठ्या संस्था त्यात विलीन झाल्या. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी मंत्रिपद सोडले, हे सीमाभागातील वाचकांस सांगावयास नकोच.

या साऱ्या व्यवहाराचा पाया म्हणजे माणसाचे वय. वय वाढेल तशी जोखीम वाढते, म्हणून हप्ताही वाढतो. आणि वयाचा पुरावा म्हणून आमच्यासारख्यांनी दिलेला शाळेचा दाखला चालतो.

आमच्या या विद्यार्थ्याच्या बाकावर बसणारा, पुढे गवंडीकाम करणारा एक मित्र चाळिशीच्या आतच गेला. त्याची फाईल याच्याच टेबलावर आली. दाखल्यावर १ जून. घरच्यांनी जोडलेल्या जन्माच्या नोंदीत मात्र तो जवळजवळ दोन वर्षांनी मोठा. तो कागद बाजूला सारता आला असता. त्याने तसे केले नाही. मयत आपला मित्र होता, हे त्याने वरिष्ठांस आधीच सांगितले आणि शाळेकडून रजिस्टराचा उतारा मागविला. आम्ही ते जुने रजिस्टर उघडले. अक्षर आमचेच होते. सुबक होते, तारीख तेवढी खोटी होती.

ती नोंद पालकांच्या अंदाजावरून आम्हीच केली, कुटुंबाने लपवाछपवी केलेली नाही, असे आम्ही उताऱ्यासोबत लिहून दिले. दावा मंजूर झाला. मात्र हप्त्यातील फरक व्याजासह वजा झाला. रक्कम फार मोठी नव्हती, पण ती एका विधवेच्या पदरातून गेली.

“डोळेझाक केली असतीस तर?” असे आम्ही त्याला न राहवून विचारले. तो म्हणाला, “पैसा माझा नाही, कंपनीचाही नाही, गुरुजी. सकाळी त्या रांगेत उभे असतात, त्यांचा आहे.” रजिस्टराबाबत आम्हांस हे तीस वर्षांपूर्वीच सुचावयास हवे होते.

वजा झालेली रक्कम घेऊन आम्ही त्या बाईंच्या घरी गेलो. त्यांनी ती घेतली नाही. “ऱ्हाऊ दे गुरुजी, तुमीच त्येला सही करायला शिकवलासा,” एवढेच त्या म्हणाल्या. त्या पॉलिसीच्या अर्जावर त्याची सही होती, ती आम्ही पाहिली होती.

यंदा जूनमध्ये एक आजोबा नातीला घेऊन शाळेत आले आणि ‘एक जून टाका की’ म्हणाले. आम्ही त्यांना चहा पाजला आणि जन्मदाखला आणण्यास परत पाठविले. ते रागावून गेले. दुसऱ्या दिवशी दाखला घेऊन आले, तेव्हा कुठे आम्ही टोपण काढले.