पास अडवताय? कारण लेखी द्या!

भिलाई इस्पात संयंत्रात कंत्राटी कामगारांचे पास देणारे अधिकारी आणि चारित्र्य पडताळणीवर सही करणारे ठाणेदार, दोघांनीही हे नीट वाचावे.

‘प्रतिकूल’ एवढा एकच शब्द खरडून कुणाची रोजी बंद कराल, तर ते आम्ही चालू देणार नाही. बोरिया गेटवर हातात डबा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ठेकेदाराने ‘ऊपर से आया है’ म्हणायचे आणि ठाण्याने ‘आम्ही फक्त अहवाल दिला’ म्हणायचे, हा खेळ खपवून घेणार नाही.

पोलाद कारखान्याला पहारा हवाच. कोक ओव्हनच्या गॅसने काय होते, हे 9 ऑक्टोबर 2018 च्या दुर्घटनेनंतर इथे कुणी कुणाला शिकवू नये. पण सुरक्षेचे नाव घेतले की जाब द्यावा लागत नाही, या भ्रमात राहू नका. पोलिसांनी ‘संघ-जनसंघाचा’ म्हणून कळवले, एवढ्यावर एका शिक्षकाला काढणारे सरकार 1983 साली सर्वोच्च न्यायालयात हरले. ते मध्य प्रदेशचे सरकार होते आणि भिलाई तेव्हा त्याच राज्यात होती. (झेंडा कोणता, हा प्रश्नच नाही, उद्या तो तुमच्या आवडीचाही असेल.) तरुणपणी घोषणा दिल्यासारखा किरकोळ गुन्हा नजरेआड करता येतो, असे 2016 मध्ये अवतार सिंग खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले. कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांच्या खुनानंतर, 1 जुलै 1992 ला पॉवर हाउस स्थानकावर ज्या गावाने गोळ्या झेलल्या, तिथे घोषणा न दिलेले घर शोधूनच काढावे लागेल! आणि 5 एप्रिल 2023 ला ‘मीडिया वन’ वाहिनीच्या निकालात सुरक्षेचे कारण झाकणारा केंद्राचा बंद लिफाफाही चालला नाही.

तेव्हा हा मजकूर छापल्यापासून 30 दिवस. ज्याचा पास रोखला असेल त्याला कारण लेखी द्या, त्याचे म्हणणे ऐका आणि अपील कुणाकडे करायचे ते फाटकावर लावा. बाधित माणसाला निर्णयाचे कारण देणे माहिती अधिकाराच्या कलम 4(1)(घ) ने तुमच्यावर बंधनकारक आहे. ही मेहेरबानी नव्हे. कारखान्यावर पहारा देणाऱ्या सीआयएसएफला त्या कायद्यातून सूट आहे हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून अर्ज तिकडे जाणार नाहीत. ते इस्पात भवनात आणि ठाण्यांत पडतील, प्रत्येक अडलेल्या पासामागे एक. तरीही तोंड उघडले नाहीत, तर राज्यघटनेच्या कलम 226 खाली बिलासपूरला उच्च न्यायालयात गाठू, आणि याचिकेत सही करणाऱ्याचे नाव पदासकट असेल.