धाम नदी आणि घामाची नदी

मुलांनो, आपल्या पवनारला धाम नदी, अन् चैत्रात शाळा सुटली की अंगावर घामाची नदी! पण हाच घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो.

काही मुलांना जन्मतःच घाम फार कमी येतो. केस विरळ, दात मोजकेच अन् टोकदार. या आजाराचं नाव एक्टोडर्मल डिस्प्लेशिया. सिंधमधल्या अशाच एका कुटुंबाबद्दल डार्विनने १८७५ साली लिहिलं आहे. चार पिढ्यांत दहा पुरुष, सगळे उन्हाळ्यात बेजार!

हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. पण उन्हात अंग तापलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून अशा मित्राला ‘टकल्या’ म्हणू नका. खेळ सावलीत मांडा. त्याला वरचेवर पाणी पिऊ द्या, डोक्यावर ओला रुमाल ठेवू द्या.

आईबाबांनो, बाळाला उन्हाळ्यात वारंवार ताप येतो अन् घाम दिसत नाही, असं असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.