‘अंडरस्टाफ्ड’ : नेमके कोण कमी?

सरकारी कार्यालयात काम अडले की खिडकीतून एकच इंग्रजी शब्द ऐकू येतो, ‘अंडरस्टाफ्ड’. आपण मान हलवून परततो. शब्दाचा अर्थ सरळ आहे : कर्मचारी अपुरे. पण अपुरे कशाच्या मानाने? मंजूर पदांच्या मानाने. समजा १०० पदे मंजूर आहेत आणि ६० भरली आहेत, तर ४० रिक्त. म्हणजे हा शब्द सबब नव्हे, रिक्त पदांची कबुली आहे.

आता पुढचा प्रश्न. त्या रिकाम्या खुर्च्यांत राखीव किती? बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना ऑगस्ट १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. २००० साली ८१ व्या घटनादुरुस्तीने कलम १६(४ब) आले आणि जुना अनुशेष त्या वर्षाच्या ५० टक्के मर्यादेत न मोजता भरण्याची वाट मोकळी झाली. पण मूळ पदच रद्द केले, तर अनुशेष उरतो कुठे? खरी मेख इथेच आहे. मंजूर आकडाच ६० वर आणला, की कार्यालय ‘अंडरस्टाफ्ड’ राहत नाही. कागद स्वच्छ, हक्क साफ!

दुसरी वाट ठेकेदाराची. माणसे कामावर दिसतात, पण त्यांच्या नेमणुकीला बिंदुनामावली नसते. ६ सप्टेंबर २०२३ ला महाराष्ट्र शासनाने नऊ खासगी संस्थांमार्फत मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला. असंतोष उसळल्यावर ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. जागे राहिलो तर निर्णय फिरतात, हे त्यातून दिसले.

देहूरोडला हे वेगळे सांगायला नको. आपल्या कित्येक घरांत पहिला पगार आला तो सीओडीचा किंवा ऑर्डनन्स फॅक्टरीचा. १ ऑक्टोबर २०२१ पासून ही फॅक्टरी म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. कंपनी सरकारची, म्हणून तिच्या पदांना आरक्षण आहे. ठेकेदाराच्या हजेरीपटाला ते नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी यापुढे हा शब्द ऐकून परतू नये. माहिती अधिकार कायदा, २००५ खाली चार आकडे मागावेत : मंजूर पदे, भरलेली पदे, राखीव रिक्त पदे आणि मागील दहा वर्षांत रद्द केलेली पदे. चौथा आकडा विसरू नका. कारण रद्द झालेले पद ‘रिक्त’ म्हणूनही कुठे नोंदले जात नाही.