कोणी जेवायचं राहिलंय का?

मेकाँग नदीवरच्या ‘स्लो बोट’ची रील तुमच्याही मोबाइलवर कधीतरी येऊन गेली असेल. थायलंडमधल्या च्यांग खोंगजवळ पूल ओलांडून लाओसमध्ये शिरायचं, हुए साय गावात लांबट लाकडी होडीत बसायचं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लुआंग प्रबांगला उतरायचं. रात्री पाकबेंग नावाच्या लहानशा गावात मुक्काम. रीलमध्ये दिसतात हिरवे डोंगर आणि संथ पाणी. इंजिनाची घरघर आणि दोन दिवस बसून आखडलेली पाठ काही दिसत नाही. तरीही लोक हौसेने जातात, कारण पलीकडे हॉटेलची खोली बुक केलेली असते.

आता अशा प्रवासाची कल्पना करा, ज्यात पलीकडे काहीच बुक केलेलं नाही. मोबाइल नाही, पूल नाही आणि प्रवास दोन दिवसांचा नाही, दोन वर्षांचा. आपल्या मराठी माणसांनी असे प्रवास केले आहेत. आजची गोष्ट तंजावरची.

तंजावर ते काशी

तंजावर तमिळनाडूत असलं, तरी तिथे जवळजवळ पावणेदोनशे वर्षं भोसल्यांचं राज्य होतं. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी ते सुरू केलं. त्याच घराण्यातले सरफोजी महाराज (दुसरे) १८२० मध्ये काशीयात्रेला निघाले. त्यांच्याबरोबर सुमारे तीन हजार माणसं होती. यात्रा संपवून परत यायला १८२२ उजाडलं.

तीन हजार माणसं म्हणजे काय, याचा साधा हिशोब करून पाहा. माणशी दिवसाला अर्धा किलो तांदूळ धरला, तरी रोज दीड हजार किलो तांदूळ लागणार. त्यावर डाळ, मीठ, सरपण, पाणी, जनावरांचा चारा. तंजावर ते काशी अंतर दोन हजार किलोमीटरहून जास्त. असा मोठा तांडा दिवसाला पंधरा किलोमीटर चालला, तरी कुठेही न थांबता एका बाजूचेच पाच महिने होतात. आज रेल्वेने आपण दोन-अडीच दिवसांत पोहोचतो, तरी गाडी चार तास लेट झाली की चिडतो!

शिवाय नद्या. दक्षिणेकडून पूर्व किनाऱ्याच्या बाजूने उत्तरेला जाणाऱ्याला कोल्लिडम, पेन्नार, कृष्णा, गोदावरी अशा एकेक नद्या पार कराव्याच लागत. गोदावरीवर राजमहेंद्रीला रेल्वेचा पूल झाला १९०० मध्ये. काशीला गंगेवरचा पूल झाला १८८७ मध्ये. त्याआधी सगळी भिस्त नावाड्यावर. कुठे मोठी नाव, कुठे तराफा, तर कुठे वेताच्या सांगाड्यावर कातडं मढवलेली, टोपलीसारखी गोल होडी. पावसाळ्यात नदी फुगली, की पाणी उतरेपर्यंत काठावर बसून राहायचं.

यात आणखी एक भीती होती. १८१७ मध्ये बंगालमधल्या जेसोरच्या भागात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, मोठी साथ उसळली आणि पुढची काही वर्षं ती देशभर आणि देशाबाहेरही पसरत गेली. यात्रेच्या वाटा आणि गर्दीचे मुक्काम हे साथीचे नेहमीचे रस्ते. सरफोजी महाराज निघाले ते नेमके त्याच वर्षांत. म्हणूनच पूर्वी काशीला जाणाऱ्या माणसाला घरचे लोक डोळे पुसत निरोप देत आणि तो सुखरूप परतला, की मावंदं घालत. मावंदं म्हणजे यात्रेहून आल्यावर गावाला घातलेलं जेवण.

वाटेवर वाट पाहणारी घरं

राजाकडे निदान लवाजमा होता. पण गाठोडं डोक्यावर घेऊन काशीहून रामेश्वरला निघालेल्या साध्या माणसाचं काय? गंगेचं पाणी रामेश्वरला न्यायचं आणि रामेश्वरची वाळू प्रयागला आणायची, ही आपली जुनी रीत. रामेश्वरला नेत असलेलं गंगेचं पाणी एकनाथांनी तहानेल्या गाढवाला पाजलं, ही गोष्ट तर आपण शाळेत असल्यापासून ऐकतो.

त्या वाटेवर तंजावरचं राज्य लागायचं आणि तिथल्या भोसल्यांनी ठिकठिकाणी छत्रं बांधली होती. छत्र म्हणजे धर्मशाळा आणि अन्नछत्र एकाच ठिकाणी. बहुतेक छत्रांना राजघराण्याशी नातं असलेल्या स्त्रियांची नावं आहेत. नीडामंगलमचं यमुनांबाळ छत्र हे त्यातलंच एक. तंजावरच्या दक्षिणेला ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र सरफोजी महाराजांनी त्यांची प्रिय सखी मुक्तांबाळ हिच्या आठवणीसाठी बांधलं. छत्रांच्या खर्चासाठी गावांचं उत्पन्न लावून दिलेलं असे.

आता यातला महत्त्वाचा भाग. १७९९ च्या तहाने तंजावरचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. महाराजांकडे उरला किल्ला, ठरावीक नेमणूक आणि महसुलातला काही वाटा. राज्य गेल्यावर माणूस कशासाठी झगडेल? सरफोजी महाराजांनी १८०१ मध्ये कंपनीचे रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना पत्र लिहिलं, ते या छत्रांसाठी. ही छत्रं चालू राहायला हवीत, तंजावरला लोक धर्मराज्य म्हणून ओळखतात आणि तोच आपला सगळ्यात मोठा मान आहे, असं त्यांनी कळवलं.

छत्रात काय चालतं, तेही त्यांनी त्या पत्रात तपशिलाने सांगितलं आहे. येणाऱ्या प्रत्येक वाटसरूला भात मिळे, मग तो ब्राह्मण असो की सगळ्यात खालचा मानलेला, जोगी असो, जंगम असो की बैरागी. शिजवलेलं नको असेल, त्याला शिधा. हे वाढणं मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवायची आणि हाक द्यायची, कोणी जेवायचं राहिलं असेल तर या.

वाटेत आजारी पडलेल्याला औषध आणि पथ्याचं जेवण मिळे, बरा होईपर्यंत त्याची देखभाल होई. गरोदर बाईची सोय होई, बाळंतपणानंतरही तिच्याकडे लक्ष दिलं जाई. तान्ह्या मुलांना दूध. ज्या मुलांचे आईबाप छत्रात वारले, ती मुलं पंतोजींच्या हवाली केली जात. मेलेल्यावर त्याच्या जातीच्या रीतीप्रमाणे अंत्यसंस्कार होत. त्या काळातल्या जातीच्या रेषा छत्रात पुसल्या गेल्या नव्हत्या, हे यावरून दिसतंच. पण दारातून कोणाला उपाशी परत पाठवायचं नाही, हा नियम सगळ्यांसाठी एकच होता.

मला विचाराल, तर लांबचा प्रवास सुसह्य होतो तो अशा व्यवस्थेमुळे. पाय दुखणं, ऊन, चिखल, फुगलेली नदी हे कोणालाच टळत नव्हतं. पण पुढच्या मुक्कामाला कोणीतरी चूल पेटती ठेवून बसलं आहे, एवढं माहीत असेल तर माणूस आणखी चार कोस चालतो.

परतताना काय आणलं?

आपण प्रवासाहून पेढे आणतो, साड्या आणतो. सरफोजी महाराजांनी पोथ्या आणल्या. उत्तरेकडच्या विद्येच्या केंद्रांतून ग्रंथ मिळवायला, विकत घ्यायला आणि नकलून घ्यायला त्यांनी पंडित नेमले होते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात हा ठेवा आजही आहे. तिथल्या संग्रहालयात काशीच्या घाटांची त्या काळातली चित्रंही पाहायला मिळतात. या यात्रेवर मराठीत लावण्याही रचल्या गेल्या आणि ग्रंथालयाने पुढे त्या छापल्या.

तुम्ही तंजावरला गेलात, तर बृहदीश्वराचं देऊळ पाहालच. तिथे नुसता शिखराचा फोटो काढून निघू नका. भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा लांबच लांब मराठी शिलालेख शोधा. देवनागरी अक्षरं ओळखीची वाटतील. मुलांना एकेक शब्द वाचायला सांगा, मजा येते. मग वेळ असेल तर तासाभरात ओरत्तनाडू गाठा आणि छत्र पाहा. टूरच्या यादीत ते सहसा नसतं.

आणि हो, घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारा, त्यांच्या लहानपणी काशीला कोण गेलं होतं, कसं गेलं होतं, मावंद्याला काय केलं होतं. जमलं तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.

पुढच्या सहलीसाठी एक छोटं काम सांगते. आपण ढाब्यावर थांबतो, पोटभर जेवतो, बिल देतो आणि गाडीत बसतो. त्याआधी एकदा मागे वळून विचारा, ‘कोणी जेवायचं राहिलंय का?’ बऱ्याचदा ड्रायव्हरदादा राहिलेले असतात.