पास एकच, माणसं तीन

मंगळवारी ऐन मीटिंगमध्ये फोन थरथरला. स्क्रीनवर नाव ‘दादा’. सहा वर्षांत पहिल्यांदा! कारण एकच असणार. ‘बाबांना अ‍ॅडमिट केलंय. ये.’ एवढंच बोलला. बॉसला काय सांगितलं आठवत नाही, निघालो.

तुमच्याही घरात असेल असं एखादं भांडण. आमचं गावच्या घरावरून आणि पंधरा कलमांवरून. (हापूसची हो, कायद्याची नव्हेत. ती नंतर आली.) दादानं ताईपुढे हक्कसोडपत्र ठेवलं, तिनं सही केली नाही, आणि मी ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणून मोकळा झालो. तिघांत सोयीस्कर वागलो तो मीच.

आयसीयूचा पास एकच. त्यामुळे तो या हातातून त्या हातात द्यावाच लागायचा. पहिल्या दिवशी न बोलता दिला. दुसऱ्या दिवशी दादानं पासाबरोबर चहा पुढे केला. ताईचा बिनसाखरेचा. तिनं घेतला, पण थँक्यू वगैरे नाही.

तिसऱ्या रात्री डॉक्टरांनी विचारलं, व्हेंटिलेटरवर ठेवायचं का? दादा म्हणाला, ‘ठेवा, पैशांचं बघू.’ ताई म्हणाली, ‘अजिबात नाही.’ झालं! कोण किती वेळा भेटायला आलं, आईच्या वेळी कोण कुठे होतं... कॉरिडॉरमध्ये सगळा हिशेब निघाला. वॉचमन दोनदा येऊन गेला.

राजेश मापुसकरांचा ‘व्हेंटिलेटर’ २०१६ मध्ये आला, तेव्हा आम्ही बाबांना घेऊन थिएटरात गेलो होतो. त्यातल्या नातेवाइकांना खो-खो हसलो होतो. येताना गाडीत बाबा म्हणाले, ‘मला असं नळ्या लावून ठेवू नका हं.’ आम्ही विषय बदलला.

बाबांनी बदलला नव्हता. ताईनं पर्समधून प्लास्टिकचं फोल्डर काढलं. आत लिव्हिंग विल. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये याला मान्यता दिली, पण तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. बाबांनी त्याच वर्षी करून टाकलं होतं. बरं होण्याची आशा नसेल तर यंत्रावर ठेवू नये, असं स्वच्छ लिहिलेलं. आपल्या वतीनं कोणी बोलायचं, तिथे नावं तीन. दादा, ताई, मी. तेव्हा आम्ही एकमेकांचं तोंड बघत नव्हतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

दादा बराच वेळ ती सही बघत बसला. मग म्हणाला, ‘अक्षर किती हललंय बघ.’

डॉक्टरांच्या दोन मंडळांनी कागद आणि बाबा दोन्ही तपासले. व्हेंटिलेटर लावला नाही. त्या संध्याकाळी सिस्टरनं पास न विचारता तिघांनाही आत सोडलं. बाबांनी डोळे उघडले, आम्हाला ओळीत उभं पाहिलं आणि म्हणाले, ‘आज ऑफिसं नाहीत का?’

पहाटे गेले.

सातबाऱ्याचं अजून काही ठरलेलं नाही. परवा दादा-ताई फोनवर भांडले. चांगले तासभर!