विमा खाटेचा, खर्च गोळ्यांचा



आजारपणाचा विमा घरोघरी पोचला, असे सरकार सांगते. ते खोटे नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२४ साली सर्व रेशनकार्डधारकांना खुली झाली आणि संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरपासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, आयुष्मान योजनेत घेतले. अँजिओप्लास्टीसाठी वावर विकायची पाळी त्यामुळे टळू शकते, हे आम्ही मान्य करतो.

पण हा विमा खाटेचा आहे. माणूस दवाखान्यात दाखल झाला तरच तो लागू होतो. आयुष्मानमध्ये दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस धरतात. बीपी आणि शुगर काही पंधरा दिवसांचे पाहुणे नव्हेत. गोळी रोजची, रक्ततपासणी वरचेवर, सोबत जाणाऱ्याचा रोज बुडतो तो वेगळाच. हा सारा पदरचा खर्च, आणि तोही रोखीचा. शेतकऱ्याच्या हाती रोकड येते माल विकल्यावर. मधल्या काळात खत की गोळी असा प्रश्न आला, की घरातले म्हातारे माणूस मुकाट्याने गोळी सोडते. मग एक दिवस लकवा मारतो, नाहीतर मूत्रपिंडे निकामी होतात. तेव्हा योजना डायलिसिसचे पैसे भरते. उभ्या पिकाला पाणी द्यायचे नाही आणि वाळल्यावर पंचनामा करायचा, असा हा कारभार आहे.

केंद्र सरकारच्या पेन्शनरांना सीजीएचएसमधून रोजची औषधेही मिळतात. त्यांना मिळतात याचे आम्हाला दुःख नाही. पण हयातभर देशाचे धान्य पिकवणाऱ्याला का नाहीत? उत्पादनखर्चात बी, खत, मजुरी धरतात. शेतकऱ्याचे म्हातारपण कोणी धरत नाही.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. म्हणून आमच्या मागण्या दोनच. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी-शुगरच्या महिनाभराच्या गोळ्या एका खेपेत द्या आणि शिल्लक साठा फळ्यावर लिहा. जिथे साठा नसेल तिथे बाहेरून घेतलेल्या औषधाचे बिल विम्यातून भरा.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने साठीपुढच्या माणसांची तीन महिन्यांची औषधबिले आणि ‘बाहेरून आणा’ म्हणून हाती दिलेल्या चिठ्ठ्या बांधून आणाव्यात. शेतीमालाच्या भावासाठी आपण जसा पैनपैचा हिशेब मांडला, तसाच हाही मांडू.